सात वेढे कमी

चिमीनं हात लावला आणि झटकन मागे घेतला. “आत्या, ही फिरायची मोटर आहे की तापायची?” एवढं विचारून उत्तराची वाट न बघता ती खेळायला पळाली. नऊ वर्षांच्या भाचीचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, हे कळत असूनही मी तिथंच बसून राहिले. टेबलावर माझी मोटर सूं सूं करत फिरत होती. पुलीवर घासणाऱ्या दोरीचा करपट वास खोलीभर पसरला होता. तीन महिन्यांच्या रात्री घालून उभं केलेलं ते यंत्र पहिल्यांदाच भार ओढत होतं आणि मला कौतुक हवं होतं, खरं सांगायचं तर. चिमीनं हात ठेवला होता तो कॉइलांच्या चकतीला बाहेरून आधार देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कड्यावर. तिच्यामागून मी तिथंच बोट टेकवलं. टेकवून ठेवता येईना. मोटर म्हटली की थोडी तापायचीच, अशी मी स्वतःची समजूत घातली, स्विच बंद केला आणि दिवा मालवून झोपायला गेले. झोप आली नाही.

सगळा माल टाकाऊ होता आणि त्याचाच मला जास्त अभिमान होता. आठ बंद पडलेल्या हार्ड डिस्क, जळलेल्या छताच्या पंख्यातली तांब्याची तार, त्याच पंख्याची बेअरिंग, कुठल्याशा मशिनीच्या दोन पोलादी चकत्या. हार्ड डिस्क उघडायला चांदणीच्या आकाराचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. झाकण निघालं की आत आरशासारखी तबकडी दिसते आणि तिच्यात आपलाच वाकडा चेहरा. कोपऱ्यात लोखंडी पट्ट्यांना चिकटवलेले दोन चंद्रकोरीसारखे चुंबक असतात. निओडिमियमचे हे चुंबक दिसायला नखाएवढे, पण पट्टीपासून सुटे करताना माणसाची परीक्षा बघतात. पकडीनं पट्टी हळूहळू वाकवायची, मग गोंद कुरकुरत सुटतो आणि चुंबक टप्पकन उडी मारतो. कुठे मारेल ते सांगता येत नाही. एकदा दोन चुंबक एकमेकांकडे झेपावले आणि त्यांच्यामधे माझी करंगळी सापडली. काळंनिळं नख पुढं महिनाभर मिरवलं. हे चुंबक काचेसारखे ठिसूळ असतात, वरचा निकेलचा मुलामा उडाला की आतून राखाडी भुगा पडायला लागतो. पण त्यांचा एक गुण माझ्या फार कामाचा होता. एकाच चुंबकाच्या एकाच तोंडावर उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही ध्रुव शेजारी शेजारी असतात. एका चकतीवर आठ चुंबक गोल मांडले की सोळा ध्रुव आलटून पालटून आपोआप तयार. दुसऱ्या चकतीवर तसेच आठ, समोरासमोर. दोन्ही चकत्या एकाच शाफ्टवर फिरणार आणि त्यांच्यामधल्या फटीत इपॉक्सीत ओतलेली बारा कॉइलांची चकती स्थिर राहणार. कॉइलांच्या आत लोखंड नाही, त्यामुळे नेहमीच्या मोटरीत लोखंडाच्या पत्र्यांमधे जी वीज वाया जाते ती इथं जाणारच नाही, असा माझा हिशेब. कॉइलांना आळीपाळीनं करंट देण्यासाठी जुन्या कूलिंग फॅनमधले हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक समोर आला की ओळखणारे सेन्सर, आणि पॉवर सप्लायमधले मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, लावले. त्या सर्किटनं मला जो त्रास दिला त्याबद्दल लिहायला बसले तर हा लेख तिथंच संपेल, म्हणून सोडून देते.

दुसऱ्या दिवशी मोजायला बसले. मोटर चांगली फिरते हे कानांना पटतं, पण किती विजेतून किती काम निघतं हे कानांना कळत नाही. त्यासाठी जुनी, अगदी साधी युक्ती आहे. पुलीवर दोरी घालायची, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा. पुली दोरीला ओढते, दोरी पुलीला अडवते आणि दोन्ही टोकांच्या ताणातला फरक म्हणजे मोटरचा जोर. गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरनं १८२१ साली ब्रेक लावून यंत्राची ताकद मोजण्याची ही पद्धत काढली. त्याच वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरेडेनं पाऱ्याच्या भांड्यात सोडलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. वीज वापरून काहीतरी गरगर फिरतं ठेवण्याचा तो पहिला प्रयोग. फिरवायची कला आणि फिरणाऱ्याला हिशेब विचारायची कला एकाच वर्षी जन्मली, याची मला त्या सकाळी उगाच गंमत वाटली. मग काट्याकडे बघितलं आणि गंमत ओसरली. १२ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॅट आत जात होते. मिनिटाला ८८० फेरे, काट्यावर ५३० ग्रॅम, पुलीची त्रिज्या ३ सेंटिमीटर. गुणाकार तीन वेळा केला. बाहेर येत होते १४ वॅट आणि काही कण.

बाकीचे २२ वॅट चिमीच्या तळहातात.

एवढ्याशा यंत्रात २२ वॅट म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. माझी पहिली चूक शोधायला फार वेळ लागला नाही. मी मोटरला तिच्या कमाल ताकदीपर्यंत रेटलं होतं. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलट दिशेनं व्होल्टेज तयार करते, बॅटरीला सामोरी उभी राहते. जितकी वेगात फिरेल तितका तिचा हा विरोध जास्त, आणि तारेत जळायला उरतं ते दोघांमधल्या फरकाएवढंच. भार टाकून तिला निम्म्या वेगापर्यंत वाकवलं की सगळ्यांत जास्त ताकद मिळते खरी, पण तिथं निम्मी वीज नुसती तांब्यात जळते. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो, मग आणखी जळते. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असणं आणि बोट भाजणं यांत फरक आहे. उष्णतेचा हिशेब मांडणारा इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स जूल, त्यानंसुद्धा सुरुवात विजेच्या मोटरींपासूनच केली होती. घरचा मद्याचा कारखाना, तिथल्या वाफेच्या इंजिनाऐवजी बॅटरीवरची मोटर चालेल का हे बघण्याची हौस. हिशेब करता करता त्याला दिसलं की बॅटरीत झिजणारं जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग पडतं. स्वप्न बारगळलं, पण वाया जाणाऱ्या उष्णतेचा त्यानं पिच्छा सोडला नाही. करंट दुप्पट केला की तारेतली उष्णता चौपट होते, हा त्याचा १८४१ सालचा नियम. मला या माणसाबद्दल जिव्हाळा वाटतो. आपल्या हातून काय निसटतं याकडे इतकं टक लावून बघायला वेगळा स्वभाव लागतो.

भार हलका केला. करंट १.९ अँपिअर, फेरे १,२००, काट्यावर २८५ ग्रॅम. आत २२.८ वॅट, बाहेर १०.५. टक्केवारी ४० वरून ४६ झाली. कॉइलांचा रोध २ ओहम होता, म्हणजे तांब्यात ७ वॅट जात होते, ते समजलं. पण आणखी ५ वॅट कुठे जात होते ते कळेना. आधी संशय बेअरिंगवर. रॉकेलमधे बुडवून ब्रशनं धुतली, जुनं काळं ग्रीस चिखलासारखं बाहेर आलं, पातळ तेलाचे दोन थेंब सोडले. बोटानं फिरवली तर कुजबुजल्यासारखी फिरायला लागली. मोटर जोडून बघितलं, फरक नावाला. घरात चोरी होतेय आणि सगळी दारं तर बंद आहेत, तसं झालं. आठवडाभर मी त्या ५ वॅटच्या मागे होते. ऑफिसात मीटिंग चालू असताना कागदाच्या कोपऱ्यात चकत्या काढत होते.

मग एका रात्री तारा सगळ्या सोडवल्या. बॅटरी नाही, सर्किट नाही, कॉइलांची टोकं मोकळी. शाफ्टला हातातली ड्रिल मशीन लावली आणि पाच मिनिटं मोटर नुसती बाहेरून फिरवली. कॉइलांमधून करंट जायला वाटच नव्हती. ड्रिल थांबवून कड्यावर बोट टेकवलं. कोमट होता.

त्या क्षणी मला आधी हसू आलं, मग स्वतःची लाज वाटली. कॉइलांची चकती पातळ, ती डगमगायला नको म्हणून मी भरभक्कम ॲल्युमिनियमचा कडा केला होता. घासून गुळगुळीत केला होता, कारण अख्ख्या मोटरीत देखणा म्हणावा असा तो एकच भाग होता. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, म्हणून तो निरुपद्रवी असं मी धरून चालले. आणि चुंबकांच्या बाहेरच्या टोकांवर तो जेमतेम चार-पाच मिलिमीटर आत येत होता. शेजारून चुंबक पळत गेले की त्या धातूत विजेचे भोवरे उठतात, ते कुठे जात नाहीत, काही करत नाहीत, जागच्या जागी फिरून धातू तापवतात आणि पळणाऱ्या चुंबकाला मागे खेचतात. १८२४ मधे फ्रान्सवा अरागोनं तांब्याची तबकडी फिरवून तिच्यावर टांगलेली चुंबकसुई तिच्यामागोमाग ओढली जाते हे दाखवलं. फॅरेडेनं १८३१ मधे त्यामागचं कारण सांगितलं. मी स्वतः चिमीला तांब्याच्या नळीतून चुंबक सोडून तो कसा संथपणे, पिसासारखा खाली येतो हे दाखवलं होतं आणि तिच्या उघड्या तोंडाकडे बघून खूष झाले होते. तीच नळी मी माझ्या मोटरीभोवती बांधून ठेवली. आणि चिमीनं हात ठेवला तो नेमका तिथंच. कॉइलांच्या उष्णतेनं कडा तापतो असं मी समजत होते, तो तर स्वतःच्या हिमतीवर तापत होता.

कडा काढून टाकला. जुन्या स्विचबोर्डाच्या बेकलाइटमधून दुसरा कापला. कापताना तो विशिष्ट वास, जळक्या औषधासारखा, नाकात दोन दिवस राहिला. हा कडा पातळ होता, त्यामुळे दोन्ही चकत्या २ मिलिमीटरनं जवळ आणता आल्या, तेवढाच चुंबकांचा जोर वाढला. राहिला तांब्यातला ऱ्हास. प्रत्येक कॉइलला बत्तीस वेढे मी तीन पदरी तारेनं घातले होते. पाच पदरी घातले तर २ ओहमचे १.२ होणार होते. पण पंख्याची तार संपली होती. उरलेली तुकड्यातुकड्यांची आणि ओढून ताणलेली, जागोजागी इनॅमल तडकलेलं. चांगली तार घरात एकाच ठिकाणी होती.

बाबांच्या टेबल फॅनमधे.

तो पंखा माळ्यावर होता, पोत्यात गुंडाळलेला. बाबांनी तो एकदा स्वतः रिवाइंड केला होता. लाकडाचा साचा, त्याला सायकलच्या स्पोकचं हँडल, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेले बाबा. एका हातानं हँडल, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सरकणारी तार. त्यांचे ओठ हलत असायचे, आवाज नाही. मोजणी चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नाही असा नियम होता. कुणी बोललंच तर वर न बघता ते तार धरलेल्या हाताचं एक बोट वर करायचे, म्हणजे थांब. मी तेव्हा चिमीएवढीच असेन. धावत आले होते, काहीतरी सांगायचं होतं. काय ते आता अजिबात आठवत नाही, पण पोटात मावत नव्हतं एवढं नक्की. बोट वर झालं. मी थांबले नाही, पुन्हा ओरडले. बाबा एकदम मोठ्यानं म्हणाले, “तीनशे बारा!” रागानं नव्हे, बुडणाऱ्यानं काठी धरावी तसे. मग शांतता. मग हँडल पुन्हा फिरायला लागलं. मी काय सांगायला आले होते ते त्यांनी नंतरही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तो पंखा पुढं कितीतरी उन्हाळे मान हलवत चालला.

वस्तू टाकायची नाही हा बाबांचा स्वभाव मला आयुष्यभर जाच वाटत आला. डबे भरून वायसर, सुतळीच्या गुंडाळ्या, बल्बच्या टोप्या. आणि आता माझं टेबल बघितलं तर वेगळं काय आहे? त्यांचं साठवणं आणि माझं जुळवणं यात मी फार मोठा फरक मानत होते. पंखा उघडताना तो फरक सापडेना. मोडका नव्हताही तो, नुसता वापरात नव्हता. टाकाऊतून करतेय असं सगळ्यांना सांगताना मी हा पंखा त्या यादीत कधी घातला नाही, अजूनही घालत नाही. वार्निशनं चिकटलेले वेढे कोमट करून हळूहळू सोडवले. तार सरळ, एका वळणाची, कुठे गाठ नाही की सोल्डरचा जोड नाही. त्यांची वहीही सापडली. त्यात पेन्सिलनं, ठसठशीत अक्षरात: टेबल फॅन, ४ कॉइल, प्रत्येकी ४२०. म्हणून मी सोडवताना मोजायला लागले. कारण काहीच नव्हतं. पहिल्या कॉइलला ४२०. दुसरीला ४२०. तिसरीला ४२०. चौथीला ४१३.

सात कमी. मी रीळ हातात घेऊन कितीतरी वेळ बसले होते. परत मोजायची सोय नाही, सुटलेला वेढा सुटला. तीनशे बारा म्हणाले तेव्हा ते खरे तीनशे पाचवर होते का? की मोजणी बरोबर होती आणि नंतर, माझ्यावरच्या चिडीत, पुढं कुठेतरी सात गळले? आणि एक गोष्ट सांगायला हवी. ती चौथी कॉइल सोडवताना चिमीनं दारातून मला हाक मारली होती, कंपास कुठे ठेवलाय म्हणून. मी बोट वर केलं नाही. तिला सांगितलं, दुसऱ्या खणात. मग पुढं मोजत गेले. तेव्हा चूक त्यांची की माझी, याचा निकाल लागणार नाही. पंख्याला सात वेढ्यांनी काही फरक पडला नसणार, तेही खरं.

बारा नव्या कॉइल पाच पदरांनी गुंडाळल्या. पाच पदर एकसारखे ताणून धरणं म्हणजे पाच वांड पोरांचे हात धरून रस्ता ओलांडणं, एक तरी ढिला पडतोच. दोन सपाट पट्ट्यांमधे शिकंज्यानं दाबून चपट्या केल्या, टोकांचं इनॅमल पॉलिश पेपरनं खरवडलं, कथील लावलं, इपॉक्सी ओतली. इपॉक्सी सुकायला लागते तेव्हा तिच्या आतून लहान बुडबुडे वर येतात, ते टाचणीनं फोडत मी अर्धी रात्र काढली. मोकळी फिरवली तर पूर्वी ०.६ अँपिअर घेणारी मोटर आता ०.२५ घेत होती. भार टाकला. करंट १.५८, फेरे १,३००, काट्यावर ३३५ ग्रॅम. आत १९ वॅट, बाहेर १३.४. म्हणजे ७० टक्क्यांच्या किंचित वर. ज्या कामाला आधी ३६ वॅट लागत होते, जवळपास तेवढंच काम आता १९ मधे. कारखान्यातल्या चांगल्या मोटरी ९० च्या पुढं जातात हे मला माहीत आहे, तुम्ही लिहून कळवू नका. आणि वाचवलेल्या १७ वॅटच्या बदल्यात मी ड्रिल, सोल्डरिंग आयर्न आणि रात्री-रात्री जळणारा टेबललॅम्प यांवर किती वीज खर्च केली, हा गुणाकार करायला बसले होते. मधेच कागद चुरगाळून टाकला. तो बाबांनी नक्की पूर्ण केला असता.

चिमी पुढच्या रविवारी आली. मी मोटर चालू केली, दोरीचा भार टाकला, दहा मिनिटं फिरू दिली आणि जमेल तितक्या सहज आवाजात म्हटलं, “लाव हात.” तिनं लावला. “हं,” म्हणाली. बस. तिला आपण आधी काय बोललो होतो ते आठवतही नव्हतं. मोटर थांबली तशी तिनं चकती हातानं फिरवून बघितली. मी गप्प राहून कॉइलांची बाहेर काढलेली तिन्ही टोकं एकमेकांना टेकवली. चकती एकदम जड झाली. तिनं हात काढला, माझ्याकडे बघितलं, परत फिरवली. “आत कुणीतरी धरलं.” तारा सोडल्या, चकती हलकी. जोडल्या, जड. मोटरला हातानं फिरवलं की ती वीज करते, वाट मिळाली की तीच वीज उलटी फिरून हाताला अडवते, वगैरे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण तिनं खेळ ठरवूनही टाकला होता. एकानं डोळे मिटून फिरवायचं, दुसऱ्यानं गुपचूप तारा जोडायच्या किंवा सोडायच्या आणि जोडल्यात की सोडल्यात ते ओळखायचं. तिनं वीसपैकी वीस ओळखले. एकदा मी फसवायला दोनच टोकं जोडली, तर म्हणाली, “अर्धवट धरलंय.” मग माझी पाळी आली. मी डोळे मिटले, चकती हळू फिरवत राहिले. हलकी. जड. जड. हलकी. मधेच मला वाटलं हिला विचारावं, किती झाले? विचारलं. उत्तर आलं नाही. एक डोळा किलकिला करून बघितलं, तर चिमीचे ओठ हलत होते आणि तार धरलेल्या हाताचं एक बोट वर होतं.